आखाजीच्या सुट्टीत घरीच बनवलेला व्हिडिओ गेम: नॅनो, टीचभर स्क्रीन आणि पडणारी वांगी

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते, सोबत दोन भाचे. आमचं गाव रावेरकडचं, चारी बाजूंनी केळी, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही आणि पोरं दिवसभर मोबाईल घेऊन लोळत पडलेली. मागच्या आखाजीला मोठा भाचा म्हणला, "मामा, हा गेम आतून चालतो कसा?" मी म्हटलं चल, बनवूनच बघू. पंधरा दिवसांत गेम झाला, वरून वांगी पडतात आणि खाली टोपलीत झेलायची, भरीताची मोठी हिरवी वांगी बरं का. त्यानंतर गल्लीतल्या चार पोरांनी आपापले बनवले. त्या सगळ्यांना जे जे अडलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण अडणाऱ्या जागा जवळपास सगळ्यांच्या त्याच असतात.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की गेम बनवायला भारी कॉम्प्युटर लागतो. आपल्या लहानपणी ठोकळा टीव्हीला लावायचा तो कॅसेटवाला टीव्ही गेम आठवतो ना, त्यातले बहुतेक डबे म्हणजे १९८३ साली जपानात निघालेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्या फॅमिकॉमचा मुख्य रॅम, म्हणजे काम करताना लागणारी तात्पुरती मेमरी, होता २ केबी. आपण जो आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटासा बोर्ड) वापरणार आहोत त्याच्या एटीमेगा३२८पी चिपचा रॅमपण २ केबीच, आणि स्पीड १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे फॅमिकॉमच्या प्रोसेसरच्या नऊपट. फरक एवढाच की फॅमिकॉममध्ये चित्र काढायला वेगळी चिप होती, तिचा रॅम वेगळा. आपल्याकडे सगळं काम त्या एकट्या चिपने करायचं. त्याच्याही आधीचा अटारी २६०० घ्या, १९७७ चा, त्याला तर फक्त १२८ बाइट रॅम होता आणि त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं गेम काढले. म्हणून २ केबी कमी नाही भो, फक्त प्रत्येक बाइटचा हिशोब ठेवावा लागतो, आणि खरं शिक्षण त्या हिशोबातच आहे.

सामान फार नाही. एक नॅनो, एक ०.९६ इंची ओएलईडी स्क्रीन (१२८ बाय ६४ ठिपके, चार पिनवाली, आतली चिप एसएसडी१३०६), तीन पुश बटणं, एक पॅसिव्ह बझर, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न मारता वायरी खोचून जोडायची पट्टी), जंपर वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली, कोणी जाणारं असेल तर चिठ्ठी देऊन मागवा, नाहीतर ऑनलाइन. आमचं सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. ऑनलाइन घेताना दोन गोष्टी बघा. नॅनोच्या पिना आधीच सोल्डर मारलेल्या आहेत का, कारण बरेचदा पिना पुडीत वेगळ्या येतात आणि नवख्या पोराकडून त्या तीस पिनांचं सोल्डर नीट होत नाही. आणि स्क्रीन खरंच एसएसडी१३०६ आहे का. आम्हाला एका दुकानदाराने त्या जागी १.३ इंची पाठवली, तिच्यात एसएच११०६ चिप निघाली, चित्र दोन ठिपके सरकलेलं आणि कडेला कायम कचरा दिसायचा. भाच्याने दोन दिवस आपल्याच कोडमध्ये चूक शोधली. स्क्रीन चांगली होती, फक्त तिला लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वेगळी लागते.

सामान येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. वॉकवी नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, त्यात आर्डुइनो, ओएलईडी, बटणं सगळं जोडून कोड चालवता येतो. आमचं पार्सल यायला आठ दिवस लागले, तेवढ्यात पोरांनी टोपली हलवायला शिकून घेतली होती.

आता जोडणी. स्क्रीनचा एसडीए नॅनोच्या ए४ ला, एससीएल ए५ ला, व्हीसीसी ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. पण जोडायच्या आधी स्क्रीनवर छापलेली नावं वाचा, काही स्क्रीनवर पहिली पिन व्हीसीसी असते तर काहींवर ग्राउंड, फोटो बघून जोडलं की उलटं जातं आणि स्क्रीन तापून मरते. ॲड्रेसचाही एक घोळ आहे. बऱ्याच स्क्रीनच्या पाठीवर ७८ छापलेलं असतं आणि कोडमध्ये ३सी द्यावं लागतं. दोन्ही एकच ॲड्रेस आहे, हेक्समध्ये (सोळाच्या पटीत आकडे लिहायची पद्धत) ३सी ची दुप्पट ७८, लिहायची पद्धत वेगळी एवढंच. स्क्रीन काळीच राहिली तर आधी हे तपासा.

बटणं डी२, डी३, डी४ ला, दुसरं टोक ग्राउंडला. वेगळा रेझिस्टर लागत नाही, पिनमोडमध्ये इनपुट पुलअप लिहिलं की चिपच्या आतलाच रेझिस्टर चालू होतो. मात्र त्यामुळे हिशोब उलटा होतो, बटण सोडलेलं असताना हाय आणि दाबल्यावर लो. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा. आणि चार पायांच्या बटणात दोन दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात, बटण नव्वद अंशात फिरवून बसवलं तर ते कायम दाबलेलंच दिसतं, म्हणून नेहमी समोरासमोरच्या कोपऱ्यातले तिरपे दोन पाय वापरा, मग कसंही बसवा चुकत नाही.

बझर डी८ ला, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर. पॅसिव्ह बझरच घ्या, ॲक्टिव्हवाला एकाच सुरात पीं करतो, त्याच्यावर वेगवेगळे सूर निघत नाहीत.

नॅनो कॉम्प्युटरला लावला आणि पोर्टच दिसत नाही, ही तक्रार दर दुसऱ्या पोराची. आधी केबल बदला, कारण मोबाईलसोबतच्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाची वायरच नसते. तरी नाही दिसलं तर स्वस्त नॅनोवर सीएच३४० नावाची चिप असते तिचा ड्रायव्हर टाका. पोर्ट दिसतोय पण अपलोड अडतोय, तर कॉम्प्युटरवर ज्यात कोड लिहितो त्या आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये टूल्सच्या मेनूत प्रोसेसरमध्ये जाऊन ओल्ड बूटलोडरवाला पर्याय निवडा. या तीनपैकी एकात गाडी सुटतेच.

आता मुख्य भाग. कोड मी मुद्दाम शब्दांत सांगतोय, कारण कॉपी-पेस्ट केलेला गेम पोराचा होत नाही, स्वतः टाइप करून चुकला की मगच त्याचा होतो.

पहिल्या दिवशी वांगी नको, टोपली नको, फक्त एक ठिपका. तो डावीकडून उजवीकडे जाऊ द्या, कडेला पोचला की परत. हे जमलं की अर्धा गेम जमला, कारण कुठलाही गेम म्हणजे एकच रहाट आहे: बटणं वाच, आकडे बदल, चित्र काढ, आणि परत पहिल्यापासून. मोटेवर बैल जसा पुढे जायचा आणि मागे यायचा तसं हे चक्र एका सेकंदात वीस वेळा फिरतं. ठिपक्याची जागा म्हणजे फक्त दोन आकडे, आडवा एक्स आणि उभा वाय. स्क्रीनवर काही "हलत" नाही, आपण आकडा बदलतो, स्क्रीन पुसतो आणि नवीन जागी काढतो. भाच्याला हे कळलं तेव्हा तो पाच मिनिटं गप्प बसला होता, मग म्हणला "म्हणजे सगळे गेम असेच?" हो, सगळे असेच.

हे चक्र फिरवताना डिले वापरू नका. शिकवणीच्या पहिल्या धड्यात एलईडी लुकलुकवायला डिले शिकवतात आणि पोरं तोच गेममध्ये घालतात. डिले म्हणजे तेवढा वेळ चिप डोळे मिटून बसते, त्यात बटण दाबलं तर तिला कळतच नाही. त्याऐवजी मिलिस वापरा, बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते ते सांगतं. मागच्या चित्राची वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, आत्ताच्या वेळेतून ती वजा करा, ५० किंवा जास्त झाले की पुढचं चित्र. ५० मिलिसेकंदाला एक म्हणजे सेकंदाला २०, अशा गेमला पुरतं.

ती वेळ ठेवायचं व्हेरिएबल अनसाइन्ड लाँगच पाहिजे, त्यात मोठे आकडे मावतात. धाकट्या भाच्याने साधा इंट घेतला होता. गेम चालू केला की मस्त चालायचा आणि अर्ध्या मिनिटानंतर अचानक वांगी धडाधड पडायला लागायची, जवळपास दुप्पट वेगाने. पोराला वाटलं आपण लेव्हल टू बनवली. झालं असं की या चिपवर इंट १६ बिटचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतो, म्हणजे ३२ सेकंद आणि थोडं. त्यापुढे आकडा उलटून उणे होतो, वजाबाकी कायम ५० च्या वर येते आणि वेळेचा लगाम सुटतो. घड्याळ लावून बघितलं तर दर वेळी बरोबर ३२ ते ३३ सेकंदांनी. ती चूक शोधायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली, पण त्या दुपारी पोरगं बिट म्हणजे काय ते कायमचं शिकलं.

तसाच एक टोपलीचा. टोपलीच्या एक्सला रॅम वाचवायला बाइट घेतला, डावं बटण दाबलं की ३ वजा. एक्स ० असताना ३ वजा केले तर -३ होत नाही, बाइटमध्ये उणे नसतंच, तो २५३ होतो. स्क्रीन १२८ ची, टोपली गायब. आणि "एक्स शून्यापेक्षा कमी आहे का" ही तपासणी कधीच खरी होत नाही. म्हणून वजा करायच्या आधी तपासा, एक्स ३ पेक्षा कमी असेल तर सरळ ० करा.

चित्रांसाठी कॉम्प्युटर नकोच, गणिताची चौकटीची वही घ्या. आठ बाय आठ चौकटी आखा आणि वांगं रंगवा. आमच्या घरात हे काम आईने केलं, ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या माणसाला हे शिकवावंच लागत नाही. प्रत्येक ओळीतल्या चौकटींना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी किंमत, रंगवलेल्या चौकटींची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. मधल्या दोन चौकटी रंगवल्या तर १६ अधिक ८, २४. मधल्या चार रंगवल्या तर ६०, सहा रंगवल्या तर १२६, सगळी ओळ भरली तर २५५. आठ ओळींचे आठ आकडे, म्हणजे अख्खं वांगं आठ बाइटमध्ये. टोपली सोळा चौकटी रुंद आणि आठ उंच, ती सोळा बाइटमध्ये. हे आकडे रॅममध्ये न ठेवता प्रोगमेम लिहून फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपमध्ये कोड साठतो त्या जागेत, ठेवा, तिथे ३२ केबी जागा आहे. "गेम ओव्हर" सारखी वाक्यंपण तशीच, त्यांच्याभोवती एफ कंस टाकला की ती रॅम खात नाहीत.

रॅमचा हिशोब इथे येतो. १२८ गुणिले ६४ म्हणजे ८,१९२ ठिपके, एका बाइटमध्ये आठ, म्हणून पूर्ण चित्राला १,०२४ बाइट. अर्धा रॅम एकट्या स्क्रीनने खाल्ला. ॲडाफ्रूटची लायब्ररी वापरत असाल तर अजून एक फसवणारी गोष्ट, ही १,०२४ ची जागा ती बोर्ड चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल झाल्यावर खाली जो "इतका मेमरी वापर" आकडा दिसतो त्यात ती धरलेलीच नसते. तिथे ५५ टक्के दिसलं म्हणून खुश होऊ नका, मनातल्या मनात १,०२४ मिळवा, नाहीतर स्क्रीन चालू करणारं बिगिन फेल होतं आणि स्क्रीन काळी. अगदीच तंगी झाली तर यू८जी२ लायब्ररी पानापानाने चित्र काढते, एका वेळी १२८ बाइटमध्ये काम भागतं, पण त्यात तेच चित्र परत परत काढावं लागतं म्हणून वेग कमी.

वेगावरून आठवलं, स्क्रीनला चित्र पाठवायलाच वेळ लागतो. स्क्रीनच्या वायरीवरचा वेग १०० किलोहर्ट्झ असेल तर एक पूर्ण चित्र जायला ९० मिलिसेकंदाच्या वर, ४०० वर साधारण २५. ॲडाफ्रूटवाली लायब्ररी आपोआप ४०० धरते. पण पोरं काय करतात, वांगं काढलं की डिस्प्ले (चित्र स्क्रीनला पाठवायची आज्ञा), टोपली काढली की डिस्प्ले, स्कोअर काढला की परत डिस्प्ले. सगळं आधी मनात काढा म्हणजे रॅममध्ये काढा, आणि शेवटी एकदाच डिस्प्ले. गेम अडखळत असेल तर दहातल्या आठ वेळा कारण हेच.

झेललं का नाही ते कसं कळणार? टोपली वरून ५६ व्या ओळीवर, वांग्याची उंची ८. वांग्याचा वाय अधिक ८ जेव्हा ५६ ला पोचेल तेव्हा दोन प्रश्न विचारा. वांग्याची उजवी कड टोपलीच्या डाव्या कडेच्या पुढे आहे का, आणि वांग्याची डावी कड टोपलीच्या उजव्या कडेच्या आधी आहे का. दोन्ही हो, तर झेललं. एक जरी नाही, तर जमिनीवर. वहीत दोन चौकोन काढून सरकवून बघा, डोक्यात लगेच बसतं. आणि "बरोबर ५६" असं तपासू नका, "५६ किंवा जास्त" तपासा, कारण वेग वाढला की वांगं ५५ वरून थेट ५८ वर उडी मारतं.

वेग हळूहळू वाढवायचा तर ठिपक्याचे तुकडे करा. एका चित्राला १ ठिपका हळू वाटतो आणि २ एकदम जोरात. दशांश वापरता येतो पण या चिपला दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही, ते सॉफ्टवेअरने ओढावं लागतं. त्यापेक्षा जागा सोळापट करून ठेवा, आण्यांचा हिशोब समजा, १६ आण्यांचा एक ठिपका. वेग १६ म्हणजे एक ठिपका, २० म्हणजे सव्वा, २४ म्हणजे दीड. चित्र काढताना १६ ने भागा. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणले, मग तुमचा कॉम्प्युटर अजून आण्यातच आहे का. या चिपवर आणेच सोयीचे पडतात.

वांगं कुठून पडेल ते रँडमने ठरवा, ० ते १२० मध्ये, कारण १२० च्या पुढे ते अर्धं बाहेर जातं. पण बोर्ड दर वेळी चालू केल्यावर रँडम तीच रांग देतं, पोरं दोन दिवसांत ती पाठ करतात. म्हणून सुरुवातीला "बटण दाबा" दाखवा, आणि ज्या क्षणी बटण दाबलं त्या क्षणाचा मायक्रोस आकडा (मिलिससारखाच, पण मायक्रोसेकंदात) रँडमसीडला द्या, म्हणजे रांग दर वेळी वेगळी. माणसाचं बोट दोनदा एकाच मायक्रोसेकंदाला पडत नाही.

हायस्कोअर इप्रोममध्ये ठेवा, लाइट गेली तरी जात नाही, आणि आपल्याकडे लाइट जातेच. १ केबी जागा आहे, दोन बाइट पुरतात. पण त्या जागेला साधारण १ लाख वेळा लिहिण्याची मर्यादा आहे. प्रत्येक चित्राला लिहिलंत तर सेकंदाला २० वेळा, म्हणजे ५,००० सेकंदांत, दीड तासाच्या आत लाख पूर्ण. फक्त गेम संपल्यावर, आणि स्कोअर जुन्यापेक्षा जास्त असेल तरच लिहा.

हे झालं की पोरं म्हणतात टीव्हीवर पाहिजे. माळ्यावर जुना ठोकळा टीव्ही पडला असेल, चालू असेल, मागे पिवळं एव्ही सॉकेट असेल, तर दोन रेझिस्टरवर काम होतं. टीव्हीआउट नावाची लायब्ररी आहे. डी९ ला १ किलोओहम, डी७ ला ४७० ओहम, दोघांची दुसरी टोकं एकत्र करून पिवळ्या पिनच्या मधल्या दांडीला, बाहेरची रिंग ग्राउंडला. टीव्हीला एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात आपली चिप १,०२४ ठोके मारते, त्यातच ओळीची सुरुवात सांगायची आणि ठिपकेपण पाठवायचे. कोडमध्ये पाल (टीव्हीच्या सिग्नलची एक पद्धत) निवडा, आपल्याकडचे टीव्ही पालचे. १२८ बाय ९६ घेतलं तर १,५३६ बाइट जातात, गेमला उरतात फक्त ५१२, म्हणून ओएलईडीवर हिशोब पक्का झाल्यावरच इकडे या. हे नॅनोवर आणि जुन्या उनोवर (आर्डुइनोचाच मोठा बोर्ड) जमतं, उनो आर४ ची चिप वेगळी आहे. आणि टीव्हीचं मागचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका, बंद करून ठेवलेल्या ठोकळा टीव्हीतही जीव घेणारा व्होल्टेज साठून राहतो. आपलं काम बाहेरच्या सॉकेटचं आहे.

ब्रेडबोर्डवर पंधरा दिवस नीट चाललं की मग झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या पाटीवर, सोल्डर मारा. पंखा थेट टोकावर असेल तर सोल्डर नीट वितळत नाही, पण खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जायला नको, आणि नंतर हात साबणाने धुवूनच जेवायला बसा, साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. पोरं लहान असतील तर सोल्डर मोठ्यांनीच मारायचं.

पॉवरसाठी पॉवरबँक लावली आणि अर्ध्या मिनिटात बंद पडली तर नॅनो खराब नाही, एवढा कमी करंट ओढणारी वस्तू बऱ्याच पॉवरबँकला "काही लावलंच नाही" अशी वाटते. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडून ५ व्होल्टच्या पिनला दिले तर दिवसेंदिवस चालतं, फक्त सेल लावलेले असताना यूएसबी लावू नका.

पिको आणि ईएसपी३२ हे नॅनोपेक्षा दमदार बोर्ड कधी घ्यायचे, हे मोठा भाचा आत्ताच विचारून राहिलाय. पिकोत २६४ केबी रॅम आहे, आपल्या नॅनोच्या १३२ पट, रंगीत स्क्रीन आरामात चालते, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट दिले तर जातात. मी त्याला सांगितलं, नॅनोवर तीन गेम पूर्ण कर, पूर्ण म्हणजे सुरुवातीची स्क्रीन, आवाज, हायस्कोअर सगळं धरून, मग पिको मी घेऊन देतो. वांगी झाली, साप झाला. तिसऱ्याला त्याने केळीचे घड ट्रकमध्ये रचायचा गेम घेतलाय आणि त्याची चित्रं आई आत्ताच चौकटीच्या वहीत काढून राहिलीय.